काळारामाच्या दारात: ९ एप्रिल १९३०पर्यंतचा घटनाक्रम

नाशिकचा रामरथ रामनवमीला निघत नाही, कामदा एकादशीला निघतो. पंचवटीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तरी १९३० सालच्या रथाच्या दंगलीबद्दल लिहिताना बहुतेक ठिकाणी ‘रामनवमीच्या दिवशी’ असंच छापलेलं आढळतं. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा १३ एप्रिलला होती. तिथून मागे मोजत आलं की बुधवार, ९ एप्रिलला एकादशी येते. नवमी सोमवारीच होऊन गेली होती.

दोन दिवसांचा हा फरक मला मोठा वाटतो. नवमीला माणूस देवाकडे जातो आणि एकादशीला देव माणसांत येतो. देवळाच्या पावित्र्याची, गाभाऱ्याच्या सोवळ्याची जी काही सबब होती, ती रथ रस्त्यावर आला की संपत होती. रस्ता सरकारी, ऊन सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच, आणि मध्ये फक्त एक दोर. त्या दोराला कोणी हात लावायचा, यावरून नाशिकमध्ये डोकी फुटली. ती फुटायलाच हवी होती असं नाही. २ मार्च ते ९ एप्रिल या काळात काळाराम मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडायची संधी एकदा नाही, अनेकदा आली होती. ज्यांच्या हाती किल्ल्या होत्या त्यांनी ती दर वेळी जाऊ दिली. म्हणून हा क्रम दिवसा-तासाने लावून पाहायचा.

रविवार, २ मार्च १९३०, सकाळी १०. रथाला ३८ दिवस

नाशिकच्या अस्पृश्य वस्तीत खास मंडप घातला आहे आणि माणसं मावेनाशी झाली आहेत. जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरून सुमारे १५,००० लोक आले आहेत. त्यांना बोलावणारे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, वय २७. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना दादासाहेब म्हणणार आहे. सत्याग्रह समितीचे चिटणीस तेच. देवळाच्या विश्वस्तांना त्यांच्या सहीने आधीच कळवून झालं आहे: मंदिर खुलं करा, नाहीतर आम्ही सत्याग्रह करू. विश्वस्त हलले नाहीत. पहिली संधी इथेच गेली.

परिषदेचे अध्यक्ष आहेत बॅरिस्टर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. वय ३८. मुंबई हायकोर्टात वकिली, सरकारी लॉ कॉलेजात शिकवलेलं, १९२७पासून मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद. मागे बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले होते. तिथलेच जुने विद्यार्थी म्हणजे अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे, अमेरिकेच्या पहिल्या पिढीतले वकील आणि राजकारणी. राज्यघटना लोकांच्या गळी उतरवण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्रांतून लेखामागून लेख लिहिले. हॅमिल्टनचा पुतळा आंबेडकरांच्या काळात त्या आवारात उभा होता. वकिलाने देश घडवायचा असतो, नुसते दावे चालवायचे नसतात, ही समजूत त्या शहराच्या हवेतच होती. हॅमिल्टनच्या काळात त्याच देशात लाखो माणसं गुलामीत होती आणि घटनेने त्यांना सोडवलं नव्हतं, हेही आंबेडकरांना चांगलं ठाऊक होतं.

मंडपात ते जे बोलले त्यात एक गोष्ट त्यांनी मुळीच लपवली नाही. देवळात गेल्याने आपले प्रश्न सुटणार नाहीत. आपला प्रश्न राजकारणाचा आहे, पोटाचा आहे, शिक्षणाचा आहे. मूर्ती दगडाची आहे आणि तिच्या दर्शनाने पोट भरणार नाही. मग हा खटाटोप कशाला? हिंदू मन आपल्याला माणूस मानायला तयार आहे की नाही, याची ही परीक्षा आहे म्हणून.

लढ्याला निघालेल्या पंधरा हजार माणसांना त्यांच्याच पुढाऱ्याने आरंभीच सांगावं की जिंकलात तरी हाती फारसं लागणार नाही! जमाव भडकवायला आलेला माणूस असं बोलत नाही.

दुपारी ३

परिषद पुन्हा भरते आणि चढाईचा बेत पक्का होतो. मिरवणूक निघते.

चौघा-चौघांची रांग, लांबी जवळपास मैलभर. पुढे लष्करी चालीवर वाजणारा बँड, त्यामागे स्काउट, मग सत्याग्रही स्त्रिया आणि त्यांच्यामागे पुरुष. नाशिकने तोवर एवढी मोठी मिरवणूक पाहिली नव्हती, असं म्हणतात. त्या बँडकडे जरा लक्ष द्या. या लोकांच्या घराघरांत पलटणीतून निवृत्त झालेले बाप-आजे होते. आंबेडकरांचे वडील रामजी स्वतः लष्करात सुभेदार होते. रांग धरणं, पाऊल मिळवणं, हुकमाशिवाय हात न उचलणं ही शिस्त घरातच होती. मैलभर रांगेतून एक दगड उचलला गेला नाही, यात नवल नाही.

मिरवणूक मंदिराच्या पूर्व दरवाज्याशी येते. समोर जिल्हा मॅजिस्ट्रेट, शहरचे मॅजिस्ट्रेट आणि पोलीस सुपरिंटेंडेंट उभे आहेत. नाशिकचं पोलीस खातं तेव्हा बिचकूनच असे. वीसच वर्षांपूर्वी, २१ डिसेंबर १९०९ला, याच शहरात विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला होता.

चारही दारं आतून बंद आहेत.

काळारामाचं देऊळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधलं. काळा दगड रामशेजच्या डोंगरातला. सभोवती उंच दगडी कोट आणि चार दिशांना चार दरवाजे. दारं लावून घेतली की देवळाचा किल्ला होतो. ज्या रामाने वनवासात याच पंचवटीत झोपडी बांधली अशी लोकांची श्रद्धा, त्याच्या देवळाला किल्ल्याचे दरवाजे, आणि त्या दिवशी ते माणसांवरच लावलेले.

मिरवणूक माघारी वळते आणि गोदावरीच्या घाटावर जाते. तिथे तिची सभा होते.

रात्री ११

पुढारी पुन्हा बसतात. आता काय करायचं?

इथे महाडची आठवण ठेवायला हवी, त्याशिवाय या बैठकीचं मोल कळत नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले तेव्हा आंबेडकरांच्या मागे कागद होता. १९२३ साली कायदेमंडळाने बोले ठराव मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट-कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले, असं त्यात लिहिलं होतं. महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. तरी लोक पाणी पिऊन परतले आणि त्यांना गावात मार बसला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्यांदा सगळे जमले, तेव्हा सवर्णांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसं तळ्याकडे निघायला आतुर असताना आंबेडकरांनी त्यांना थांबवलं. कोर्टाचा हुकूम आहे, तो आपण मोडायचा नाही. तो दावा पुढे नऊ वर्षांहून जास्त चालला आणि मार्च १९३७मध्ये हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. कायद्याला इतकं मानणारा हा माणूस.

नाशिकला तसा कागद नव्हता. बोले ठरावात देवळं नव्हती. देऊळ विश्वस्तांच्या ताब्यात, आणि रूढी हाच तेव्हा कायदा. पुण्याच्या पर्वतीवर मंदिरप्रवेशासाठी ऑक्टोबर १९२९पासून सत्याग्रह झाला होता, तिथेही दगड खावे लागले होते. म्हणजे कोर्टात जायची वाट जवळजवळ बंद, आणि दारावर धडक मारायची वाट आंबेडकरांनी स्वतःच बंद केलेली. मधली एकच वाट उरली: दारात बसायचं, हात उचलायचा नाही आणि समोरच्याने दार उघडण्याची वाट पाहायची.

त्या रात्री तेच ठरलं.

सोमवार, ३ मार्च, सकाळ. रथाला ३७ दिवस

पहिली तुकडी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. चारही दारांपुढे ते बसतात. नावं नोंदवलेले सत्याग्रही ८,०००च्या वर. दारात बसलेल्यांच्या मागे आणखी हजारो जण जमलेले. भजनं सुरू होतात. रामाचीच भजनं, रामाच्या बंद दारापुढे.

दोन फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेट सकाळपासून तिथे हजर आहेत. सुपरिंटेंडेंट रेनॉल्ड्स यांनी तर मंदिरासमोर तंबू ठोकून आपली कचेरीच तिथे हलवली आहे. सशस्त्र पोलीस उभे आहेत. एवढं सगळं कोणासाठी? टाळ घेऊन बसलेल्या दीडशे माणसांसाठी.

दार लागलं ते सगळ्यांनाच लागलं. अस्पृश्य आत येऊ नयेत म्हणून सवर्णही बाहेरच. आपल्या देवाचं दर्शन आपल्यालाच बंद करून घ्यायला लोक तयार झाले. केवळ ‘त्यांना’ ते मिळू नये म्हणून. पाणवठा बाटवला म्हणून तळ्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतणारं महाड आणि देवालाच कुलूप घालणारं नाशिक, दोन्हीकडे मूळ एकच.

पंचवीस स्त्रियांविषयी आणखी लिहायला हवं होतं, असं हा क्रम लावताना सारखं वाटत राहतं. घरी पोरंबाळं, दिवसाची मजुरी बुडालेली, अंगावर पोलिसांच्या नजरा, आणि तरी पहिल्याच तुकडीत नाव. पुढाऱ्यांची चरित्रं झाली. या बायकांचा बहुतेक ठिकाणी नुसता आकडा उरला आहे. दादासाहेब गायकवाडांनी चिटणीस म्हणून हे सगळं महिनोन्‌महिने चालवलं: तुकड्या लावणं, खेड्यापाड्यांतून भाकरी गोळा करणं, आलेल्यांची सोय बघणं. मोठ्या लढ्याचा बराच भाग असाच असतो, भाकऱ्यांचा हिशेब ठेवण्याचा.

मार्चचे पुढचे दिवस

शहरातल्या समंजस मंडळींनी काहीच केलं नाही असं नव्हे. करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी नाशकात होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांची सभा झाली. तडजोडीचं काही निघेल असं वाटत होतं. सनातन्यांनी गोंधळ घातला, दगड आणि जोडे फेकले आणि सभा उधळून लावली. शंकराचार्यांचाही मान राहिला नाही. दुसरी संधी गेली, आणि ती मला सगळ्यांत मोठी वाटते. धर्माच्या गादीवर बसलेला माणूस बोलायला उभा होता, आणि त्याचं ऐकायचं नाही हे धर्मरक्षक म्हणवणाऱ्यांनीच ठरवलं.

१२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. रथाला २८ दिवस. देशभरच्या वर्तमानपत्रांचे रकाने मिठाने भरले. ६ एप्रिलला त्यांनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं. रथाला ३ दिवस. देशात एकाच वेळी दोन सत्याग्रह चालू होते, दोन्ही अहिंसक, दोन्हींत शिस्त. एक परक्या सरकारच्या कायद्याविरुद्ध, दुसरा आपल्याच शेजाऱ्याच्या रूढीविरुद्ध. पहिल्याकडे जगाचे डोळे लागले होते, आणि दुसऱ्याच्या दारात पोलीस सुपरिंटेंडेंटचा तंबू होता. नाशिकच्या दारात बसलेल्यांनी हा फरक मनात नोंदवून ठेवला असणार. पुढची पंचवीस वर्षं आंबेडकरांच्या राजकारणात तो दिसत राहतो.

या महिन्याभरात आंबेडकर मुंबई-नाशिक करत होते. मुंबईत वकिली, कायदेमंडळाचं काम, आणि इकडे ऊन वाढत चाललेलं. सत्याग्रही उठले नाहीत, दार उघडलं नाही.

सोमवार, ७ एप्रिल. रथाला २ दिवस

रामनवमी. दुपारी बाराला राम जन्मतो.

आता प्रश्न रथाचा. देव दाराआड ठेवता येतो, पण रथोत्सव दाराआड होत नाही. आणि रथ निघायचा तर तो त्याच दारातून निघणार, जिथे महिनाभर हे लोक बसले आहेत.

नाशिकच्या रथाला मान आहे तो ओढण्याचा. पुढे जाड दोर आणि दोराला तालमीतल्या पोरांचे हात. मानाचे बुवा रथाकडे तोंड करून, पाठमोरे न होता, उलट्या पावलांनी चालतात. दोराला हात लागणं म्हणजे वर्षाची सेवा रुजू झाली, असं लोक मानतात. दोर सुती असो की काथ्याचा, त्याला विटाळ होतो असं कुठल्याही शास्त्रात नाही. तो हातांचाच खेळ आहे. जितके हात जास्त, तितका रथ हलका.

अखेर तडजोड ठरते. दोन्ही बाजूंची धट्टीकट्टी माणसं निवडायची आणि दोघांनी मिळून रथ ओढायचा.

ही तडजोड नीट वाचली पाहिजे. आंबेडकरांनी गाभारा मागितला नाही. मूर्तीला शिवायचं म्हटलं नाही. देवळाच्या उंबऱ्यावरचा हट्टही त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. मागितलं फक्त रस्त्यावरच्या दोराचं एक टोक. इतक्या थोड्यावर ते राजी झाले, कारण समोरच्याने ‘हो’ म्हटलं होतं, आणि वकिलाच्या लेखी दोन बाजूंनी मान्य केलेली गोष्ट म्हणजे करार असतो. तिसरी संधी या वेळी दारात नुसती उभी नव्हती, ती आत घेतलीही गेली होती.

बुधवार, ९ एप्रिल, सकाळ

चैत्राचं नाशिक. मंदिराच्या मुख्य दरवाज्यापाशी हजारोंची गर्दी. रथ पाहायला, आणि या वेळी ‘ते’ पाहायलाही. पोलीस बंदुका घेऊन जागोजाग उभे. कोणती गल्ली राखायची हे आधीच ठरलेलं.

या गल्लीचा मुद्दा पुढे येतो.

दुपारी १२

आंबेडकर आपली निवडलेली माणसं घेऊन मुख्य दरवाज्यापाशी येतात. निवडलेली म्हणजे अंगाने दणकट आणि डोक्याने थंड. रथ समोर आहे, दोर समोर आहे. ठरल्याप्रमाणे आता दोन्ही बाजूंनी हात लावायचा.

अस्पृश्यांचा हात दोराला लागण्याआधीच सवर्ण तरुण रथ घेऊन पळत सुटतात.

रथ नेहमीच्या वाटेने जात नाही. एका अरुंद, काट्याकुट्यांच्या गल्लीत तो घुसवला जातो. त्या गल्लीच्या तोंडाशी सशस्त्र पोलीस उभे आहेत. रथ आत जातो आणि मागून येणाऱ्यांना पोलीस अडवतात. आयत्या वेळी डोकं फिरलं आणि कोणी दोर खेचून पळालं, असं हे नव्हतं. वाट आधीच ठरलेली होती. होकार देतानाच मोडायचा विचार झालेला होता. माझ्या लेखी त्या दिवसाचं खरं पाप पुढच्या दगडांहून हे मोठं आहे. दगड रागात मारला जातो. पण शब्द देताना तो मोडायची वाट आखून ठेवणं, याला राग म्हणत नाहीत.

महिनाभर ज्यांनी हात उचलला नव्हता ते आता धावतात. भंडारी समाजातला कद्रेकर नावाचा एक तरुण पोलिसांची फळी तोडून आत शिरतो. त्याच्यामागे इतर जातात. वरून, समोरून दगडांचा पाऊस. तशातच ते रथ गाठतात आणि धरतात. कद्रेकर रक्ताच्या थारोळ्यात पडतो.

कद्रेकर महार नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. भंडारी म्हणजे किनाऱ्यावरची, स्पृश्य मानली गेलेली जात. मंदिरात जायला त्याला कोणी अडवलं नसतं. देवराव नाईकांसारखे आणखी काही स्पृश्यही या लढ्यात बाबासाहेबांबरोबर होते. ‘हे आणि ते’ अशी सरळ रेघ त्या गल्लीत नव्हती.

दगड आता आंबेडकरांच्या दिशेनेही येऊ लागतात. कार्यकर्ते त्यांच्याभोवती कडं करतात आणि वर छत्री धरतात. दगडांनी छत्रीचे तुकडे होतात. आंबेडकरांनाही किरकोळ जखमा होतात. पुढे वीस वर्षांत ज्याच्या देखरेखीखाली देशाची राज्यघटना लिहिली गेली, तो माणूस त्या दुपारी पंचवटीत एका छत्रीच्या काड्यांवर वाचला. कडं करणारे मागे सरले असते तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

दुपारनंतर

हाणामाऱ्या एका गल्लीत राहत नाहीत, गावभर पसरतात. एकटादुकटा अस्पृश्य दिसला की त्याला गाठून मारलं जातं. ज्यांचा रथाशी काही संबंध नव्हता, जे कामावर गेले होते, बाजाराला आले होते, त्यांनाही.

झाल्या प्रकाराचं निवेदन आंबेडकरांनी मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्याकडे पाठवलं. दगड खाऊनही ते कागदाकडेच वळले.

१० एप्रिल आणि पुढे

जखमा भरतात, पण बहिष्कार भरून येत नाही. जिल्ह्यातल्या खेड्यांत सूड सुरू झाला. अस्पृश्यांच्या पोरांना शाळेतून काढलं, वाण्याने मीठ-मिरची देणं बंद केलं, रस्त्याने जाणं-येणं बंद केलं. ज्या आठवड्यात देश मिठासाठी तुरुंगात जात होता, त्याच आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या महारवाड्यांना दुकानातलं मीठ मिळत नव्हतं. जे सत्याग्रहाला आले ते उपाशी, आणि जे आले नव्हते तेही उपाशी. तरी लोक मागे हटले नाहीत. गायकवाड गावोगाव फिरून त्यांना धीर देत राहिले.

देऊळ वर्षभर बंद राहिलं.

ऑक्टोबर १९३०मध्ये आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. तिथे त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र राजकीय हक्क मागितले, तेव्हा इथल्या बऱ्याच पुढाऱ्यांना तो आततायीपणा वाटला. त्यांनी ९ एप्रिलची दुपार पाहिलेली नव्हती. समोरच्याच्या शब्दावर विसंबून दोराचं टोक मागायला गेलेला माणूस पुढच्या खेपेला कायद्याचं कलम मागतो, यात न समजण्यासारखं काय आहे?

सत्याग्रह त्यानंतरही चालू राहिला. दर वर्षी रथाचे दिवस आले की नाशकात ताण, पोलीस आणि बंदी. मधल्या काळात पुणे करार झाला, देशभर अस्पृश्यतानिवारणाच्या सभा झाल्या, काही ठिकाणी देवळं उघडलीही. काळाराम उघडला नाही.

३ मार्च १९३४. सत्याग्रह सुरू झाला त्याला बरोबर चार वर्षं होत होती. आंबेडकरांनी भाऊराव गायकवाडांना पत्र लिहिलं. आता मंदिरप्रवेशाचा नाद सोडा, असा त्याचा आशय होता. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा कधीच नव्हता. त्यांच्यात जाग यावी, आपली जागा त्यांना कळावी, यासाठी होता, आणि ते काम झालं आहे. आता ती ताकद राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवा. ज्यासाठी दावा लावला होता ते मिळालं आहे की नाही, हे वकिलाने स्वतः तपासलं आणि दावा काढून घेतला. विश्वस्तांना अजूनही वाटत होतं की आपण दार राखलं.

दीड वर्षाने, १३ ऑक्टोबर १९३५ला, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात परिषद भरली. हजारो लोक होते. बरेचसे काळारामाच्या दारात बसलेलेच. आपण हिंदू म्हणून जन्मलो ते आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असं आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं. पाच वर्षांपूर्वी नाशिकच्या मंडपात ज्या परीक्षेची गोष्ट त्यांनी काढली होती, तिचा निकाल त्यांनी येवल्यात वाचून दाखवला. त्याच परिषदेत काळारामाचा सत्याग्रह थांबवायचा ठराव झाला.

पुढे १९४७ साली मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि देवळांची दारं अस्पृश्यांवर बंद ठेवणं गुन्हा ठरलं. तोवर दारात बसलेल्यांपैकी कित्येकांना आत जायचं राहिलंच नव्हतं. १९५६मध्ये बाबासाहेबांनी बौद्ध धम्म घेतला, त्यांच्यामागोमाग नाशिक जिल्ह्यातली गावंच्या गावं गेली. दादासाहेब गायकवाड १९५७ला नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले आणि भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून पुन्हा माणसं गोळा करू लागले, पुन्हा तुकड्या, पुन्हा भाकऱ्या, फक्त या वेळी दार देवळाचं नव्हतं.